ल्यूसर्न सरोवराकाठच्या डोंगरी रेल्वे

मध्य स्वित्झर्लंडमधील ल्यूसर्न सरोवराच्या काठावरून आसपासच्या डोंगरमाथ्यांवर जाणाऱ्या दातेरी रेल्वे (दातेरी रुळात चाक अडकवून चढणाऱ्या) आणि फ्युनिक्युलर (दोराने ओढल्या जाणाऱ्या) मार्गांचा समूह. यांतला पहिला मार्ग १८७१ मध्ये रीगी पर्वतावर सुरू झाला. युरोपातली ही पहिली डोंगरी दातेरी रेल्वे होय. त्यानंतर ब्युर्गेनश्टोक (१८८८), पिलाटुस (१८८९) आणि श्टान्सरहोर्न (१८९३) हे मार्ग आले. तीव्र चढावर गाडी कशी चढवायची आणि त्याहून अवघड म्हणजे ती सुखरूप खाली कशी आणायची, या प्रश्नाची चार वेगवेगळी उत्तरे बावीस वर्षांत एकाच सरोवराभोवती उभी राहिली. ही सगळी बांधकामे खाजगी कंपन्यांची होती. त्यांच्यामागे सरकारी नियोजन नव्हते, हॉटेलांचा धंदा होता.

सरोवराची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ४३४ मी. असून काठावर ल्यूसर्न, श्वित्स, उरी, निडवाल्डेन व ओबवाल्डेन ही कँटन (स्विस संघराज्याची घटक राज्ये) आहेत. काठ बहुतेक ठिकाणी उभा आहे, त्यामुळे गावे एकमेकांशी पाण्यानेच जोडलेली होती. १८३७ मध्ये येथे पहिली आगबोट आली आणि प्रवाशांची ये-जा वाढली. रीगीच्या माथ्यावर तर १८१६ पासूनच प्रवाशांसाठी विश्रामगृह होते. सूर्योदय पाहायला येणारे लोक पायी, खेचरावर किंवा माणसांनी वाहिलेल्या खुर्चीतून वर जात. १८६८ मध्ये व्हिक्टोरिया राणीही तट्टावर बसूनच रीगीवर गेली होती. रेल्वे आली तेव्हा या भोयांचा आणि खेचरवाल्यांचा रोजगार बुडाला. या मार्गांच्या कौतुकाने भरलेल्या इतिहासात त्यांचा उल्लेख फारच थोडा सापडतो.

रीगी

साधे रेल्वे इंजिन गुळगुळीत रुळावर केवळ घर्षणाच्या जोरावर चालते, त्यामुळे त्याला फार चढ झेपत नाही. नेरळ–माथेरानची गाडी दर २० मीटरला १ मीटर चढते, तेच पुष्कळ झाले. म्हणूनच तिला ७५० मीटरच्या आसपास उंची गाठायला सुमारे २१ कि.मी. वळणे घ्यावी लागतात. रीगीची गाडी सुमारे ७ कि.मी.मध्ये १,३०० मीटरहून अधिक उंची चढते. दोन रुळांच्या मध्ये शिडीसारखा दातेरी रूळ टाकायचा आणि इंजिनाचे दातेरी चाक त्यात अडकवायचे, ही तिच्यामागची कल्पना निक्लाउस रिगेनबाख (१८१७–१८९९) या अभियंत्याची. आल्सेसमध्ये जन्मलेला रिगेनबाख ओल्टेन येथील रेल्वे कारखान्याचा प्रमुख होता. दातेरी रुळाचे पेटंट त्याने फ्रान्समध्ये १८६३ मध्येच घेतले, पण स्वित्झर्लंडमध्ये बरीच वर्षे कोणी दाद दिली नाही. तोवर अमेरिकेत सिल्व्हेस्टर मार्शने माउंट वॉशिंग्टनवर १८६९ मध्ये दातेरी रेल्वे सुरूही केली. ‘जगातील पहिली’ हा मान त्यामुळे रीगीचा नव्हे, जरी जाहिरातींत कधीकधी तसे सुचवले जाते.

फित्सनाउ या काठावरच्या गावातून निघणारा मार्ग २१ मे १८७१ रोजी सुरू झाला. त्या दिवशी रिगेनबाखचा चोपन्नावा वाढदिवस होता. बांधकामात ओलिव्हिए चोके आणि आडोल्फ नेफ हे त्याचे भागीदार होते. रूळ नेहमीच्या १,४३५ मि.मी. रुंदीचे आणि कमाल चढ २५ टक्के (१०० मीटर पुढे जाताना २५ मीटर वर). गाडीत एकच डबा असे. इंजिन कायम उताराच्या बाजूला राही आणि डब्याला खालून ढकलत नेई. घाटात बँकर इंजिने गाडीला मागून रेटतात, तसाच हा प्रकार, फक्त पुढे ओढणारे कोणी नाही. डबा इंजिनाला जोडलेलाही नसे, नुसता टेकलेला असे. त्यामुळे इंजिनात बिघाड झालाच तर डब्याला स्वतःचा ब्रेक लावून जागेवर थांबता येई. उतरताना इंजिनाचे सिलिंडर हवा दाबण्याच्या कामी येत आणि दाबलेल्या हवेचा विरोध हाच मुख्य ब्रेक ठरे. हवा तापू नये म्हणून सिलिंडरात थोडे पाणी सोडत. दातेरी रुळापेक्षाही हा ब्रेक रिगेनबाखची अधिक मोठी कामगिरी म्हणावी लागेल, कारण डोंगरावर खरी भीती उताराचीच असते.

सुरुवातीच्या इंजिनांचा बॉयलर उभा होता. चढावर आडवा बॉयलर तिरका झाला की पाणी एका टोकाला जमते आणि दुसऱ्या टोकाच्या नळ्या कोरड्या पडण्याचा धोका असतो, म्हणून ही योजना. पुढे आडव्या बॉयलरची इंजिने आली. उभ्या बॉयलरचे १८७३ सालचे ७ क्रमांकाचे इंजिन मात्र जपले गेले आणि मार्गाच्या १२५व्या वर्षी, १९९६ मध्ये, ते पुन्हा डोंगरावर धावले. विंटरटूरच्या स्विस लोकोमोटिव्ह अँड मशीन वर्क्स या कारखान्यात तयार झालेले हे पहिलेच इंजिन. याच कारखान्याची दातेरी इंजिने पुढे निलगिरीच्या मार्गावर आली. १९२८ च्या सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने बोर व थळ घाटांसाठी मागवलेल्या डब्ल्यूसीजी-१ या विजेच्या इंजिनांपैकी पहिली दहाही तिथेच बनली. आपल्याकडचे रेल्वे कर्मचारी त्यांना ‘खेकडा’ म्हणत.

रीगीच्या मार्गाला खरा अडथळा आला तो डोंगराचा नव्हे, सरहद्दीचा. बांधकामाची परवानगी ल्यूसर्न कँटनने दिली होती, तर माथा श्वित्स कँटनमध्ये. म्हणून १८७१ मध्ये गाडी सरहद्दीवरच्या श्टाफेलह्योए या ठिकाणी थांबू लागली आणि प्रवासी शेवटचा टप्पा पायी चढू लागले. श्वित्सने आपल्या हद्दीतला परवाना दुसऱ्याच कंपनीला दिला. या कंपनीने माथ्यापर्यंतचा तुकडा बांधला आणि १८७३ पासून तो फित्सनाउच्या कंपनीला भाड्याने वापरायला दिला. मग १८७५ मध्ये तिने डोंगराच्या उलट्या बाजूने, आर्टहून, स्वतःचा मार्ग सुरू केला. माथ्याजवळच्या श्टाफेल स्थानकापासून माथ्यापर्यंत दोन कंपन्यांचे रूळ शेजारी शेजारी पडले ते यामुळे. प्रवाशांसाठी चढाओढ करणाऱ्या या कंपन्या शंभराहून अधिक वर्षे वेगळ्या राहिल्या आणि १९९२ मध्ये त्यांचे विलीनीकरण झाले. आर्टचा मार्ग १९०७ मध्ये विजेवर गेला, फित्सनाउचा १९३७ मध्ये. दोन्ही बाजूंच्या डब्यांचे रंग अजूनही निराळे आहेत, फित्सनाउचे लाल आणि आर्टचे निळे.

पहिल्या वर्षांत भागधारकांना भरघोस लाभांश मिळाला आणि रीगीवर तिसरा मार्गही झाला. काल्टबाडहून शायडेगपर्यंत कड्याच्या कडेने जवळजवळ सपाट धावणारी ही छोटी रेल्वे १८७४–७५ मध्ये सुरू झाली, पण तिला पुरेसे प्रवासी कधीच लाभले नाहीत. १९३१ मध्ये ती बंद पडली. तिचा बोगदा, लोखंडी पूल आणि रूळमार्ग आज चालण्याची वाट म्हणून वापरात आहेत.

पिलाटुस

पिलाटुसच्या डोंगराबद्दल काठावरच्या लोकांत पूर्वी धास्ती होती. रोमन अधिकारी पॉन्टियस पायलेटचा आत्मा तिथल्या तळ्यात आहे आणि त्याला डिवचले की वादळ येते, अशी समजूत होती. ल्यूसर्नच्या कारभाऱ्यांनी डोंगरावर जायला बंदीच घातली होती आणि ती मोडून वर जाऊ पाहणाऱ्या सहा धर्मगुरूंना १३८७ मध्ये तुरुंगात टाकले होते. पाचशे वर्षांनी त्याच डोंगरावर रेल्वे नेण्याचे ठरले. रीगीच्या पद्धतीने, म्हणजे २५ टक्के चढाने, मार्ग नेला तर तो इतका लांबला असता की खर्च परवडलाच नसता. झुरिकचा अभियंता एडुआर्ड लोखर (१८४०–१९१०) याने लांबी कमी करण्यासाठी चढच ४८ टक्क्यांपर्यंत वाढवला. इतक्या चढावर उभ्या दातांत अडकलेले चाक वर उचलले जाऊन निसटण्याची भीती असते. लोखरने दाते रुळाच्या दोन्ही अंगांना आडवे कापले आणि गाडीखालच्या आडव्या दातेरी चाकांच्या जोड्या त्यांना दोन्ही बाजूंनी धरतील अशी रचना केली. चाकांच्या कडा रुळाच्या खालच्या बाजूला अडकत असल्याने गाडी उचलली जात नाही आणि डोंगरावरच्या जोरदार वाऱ्यात कलंडतही नाही.

आल्पनाखश्टाडच्या धक्क्यापासून पिलाटुस कुल्मपर्यंतचा (सुमारे २,०७३ मी.) हा ४.६ कि.मी.चा मार्ग ४ जून १८८९ रोजी खुला झाला. रुळांची रुंदी ८०० मि.मी. असून ते खडीवर नव्हे, तर सलग दगडी बांधकामावर घट्ट बसवले आहेत. खडी या उतारावर टिकलीच नसती. रूळ बदलण्याचे नेहमीचे सांधे येथे चालत नाहीत, कारण रुळाच्या दोन्ही बाजूंनी चाके जायला जागा लागते. त्यामुळे गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर नेताना रुळाचा अख्खा तुकडा गाडीसकट बाजूला सरकवतात. काही ठिकाणी तुकडा स्वतःभोवती उलटवतात, ज्याच्या एका अंगाला सरळ रूळ असतो आणि दुसऱ्या अंगाला वळणारा. लोखरची ही पद्धत १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडली गेली. कौतुक झाले, पण अनुकरण जवळजवळ नाहीच, कारण इतक्या उभ्या जागी पुढे बहुतेकांनी दोराचा पर्याय निवडला. वाफेच्या गाडीला वर पोहोचायला तासाभराहून अधिक वेळ लागे. १९३७ च्या विद्युतीकरणानंतर तो अर्ध्या तासावर आला. त्या वेळचे डबे थेट २०२३ पर्यंत धावत होते. जगातील सर्वांत तीव्र चढाची दातेरी रेल्वे हा मान आजही पिलाटुसचाच आहे.

दोराच्या गाड्या

फ्युनिक्युलरमध्ये एकाच दोराच्या दोन टोकांना दोन डबे बांधलेले असतात. एक उतरताना दुसऱ्याला वर खेचतो, त्यामुळे फक्त वजनातल्या फरकाएवढे आणि घर्षणाएवढे बळ बाहेरून पुरवावे लागते. वणीच्या सप्तशृंग गडावर २०१८ पासून चालणारी ट्रॉली याच जातीची. ल्यूसर्न शहरातली ग्युत्श टेकडीवरची फ्युनिक्युलर (१८८४) पाण्यावर चाले. वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरायचे, तो जड होऊन उतरायचा आणि खाली पोहोचल्यावर टाकी रिकामी करायची. इंधनाचा खर्च शून्य. पाण्यावरची ही व्यवस्था १९६१ पर्यंत टिकली. फ्युनिक्युलर २००८ मध्ये बंद झाली आणि २०१५ मध्ये तिच्या जागी तिरकी लिफ्ट आली.

या शाखेचा खरा विस्तार केला तो ओबवाल्डेनमधल्या केर्न्स गावच्या फ्रान्झ योझेफ बुखर (१८३४–१९०६) आणि योझेफ डुरर या भागीदारांनी. बुखर हॉटेलवाला, तर डुरर यंत्रांत रमणारा. दोघांनी १८७३ मध्ये ब्युर्गेनश्टोकच्या कड्यावर, सरोवरापासून सुमारे ४४० मी. उंचीवर, हॉटेल उघडले. पाहुण्यांना वर आणायचे तर बोटीच्या धक्क्यापासून गाडी हवी, म्हणून १८८८ मध्ये केर्सिटेनहून फ्युनिक्युलर सुरू झाली. विजेवर चालणारी ही स्वित्झर्लंडमधली पहिली फ्युनिक्युलर. त्यांच्या स्वतःच्या छोट्या जलविद्युत केंद्रातून तिला वीज मिळे. देशातल्या बहुतेक शहरांत विजेचे दिवे नवलाचे होते, त्या काळात ही गाडी विजेवर चढत होती.

दोन डबे एकाच रूळजोडीवर चालवून मधोमध एकमेकांना बगल देण्याची युक्ती कार्ल रोमान आब्ट (१८५०–१९३३) याची. रिगेनबाखच्या हाताखाली तयार झालेल्या आब्टने शेजारच्या ब्रिएन्झ सरोवरावरील गीसबाख येथे १८७९ मध्ये ती प्रथम वापरली. पुढे रूढ झालेल्या रूपात प्रत्येक डब्याच्या एका बाजूच्या चाकांना दोन्हीकडे कडा असतात, तर दुसऱ्या बाजूची चाके रुंद आणि सपाट असतात. कडांची चाके आपल्या बाजूच्या रुळाला धरून राहतात आणि दुसऱ्या डब्यात ही रचना नेमकी उलटी असते. त्यामुळे एक डबा नेहमी डावीकडे वळतो, दुसरा उजवीकडे. सांध्याला हलणारा भागच नाही, मग तो बिघडणार कसा? आज जगभरच्या बहुतेक फ्युनिक्युलर हीच युक्ती वापरतात.

श्टान्सरहोर्न हे या भागीदारांचे सर्वांत धाडसी काम. तोपर्यंत दोर तुटला तर डबा थांबवण्यासाठी मध्ये दातेरी रूळ टाकायची पद्धत होती. डुररने रुळाचा माथा पाचरीच्या आकाराचा केला आणि त्याला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखा पकडणारा ब्रेक तयार केला. दातेरी रूळ वाचला आणि बांधकाम स्वस्त झाले. १८९३ मध्ये सुरू झालेला हा मार्ग तीन टप्प्यांचा होता. प्रत्येक टप्प्याला प्रवासी डबा बदलत. १९७० मध्ये माथ्यावरच्या हॉटेलावर वीज पडून आग लागली. वरचे दोन टप्पे पुन्हा उभारण्याऐवजी तिथे रोपवे बांधला गेला. पहिला टप्पा मात्र लाकडी डब्यांसह अजून चालतो. तिथून पुढे २०१२ पासून उघड्या गच्चीची दुमजली रोपवे गाडी जाते.

पहिल्या महायुद्धाच्या काळापर्यंत आणखी बरेच मार्ग आले: क्रीन्समधला सोनेनबेर्ग (१९०२), ब्रुनेन–मोर्शाख ही दातेरी रेल्वे (१९०५), ल्यूसर्नजवळचा डीचिबेर्ग (१९१२), ट्राइबच्या धक्क्यावरून झेलिसबेर्ग (१९१६). एंगेलबेर्गची गेर्श्निआल्प फ्युनिक्युलर १९१३ ची. मराठी सहलींत हमखास असणाऱ्या टिटलिसच्या रोपवेची सुरुवात या साध्या मार्गापासून झाली, हे वर जाणाऱ्या फार थोड्यांना ठाऊक असते.

उतरती कळा आणि पुढे

१९१४ मध्ये परदेशी पाहुणे एकाएकी थांबले. हॉटेले इतकी रिकामी पडली की १९१५ मध्ये संघ सरकारने नवी हॉटेले बांधण्यावर निर्बंध आणले. हॉटेलाच्या जिवावर उभ्या असलेल्या रेल्वेंनाही याची झळ लागली. दोन युद्धांच्या मधल्या काळात रोपवे स्वस्त झाला. त्याला रूळ, पूल, भिंती काहीच लागत नाहीत, नुसते खांब पुरतात. युद्धानंतर मोटाररस्ते डोंगरावर पोहोचले. मोर्शाखची दातेरी रेल्वे १९६९ मध्ये आणि डीचिबेर्गची फ्युनिक्युलर १९७८ मध्ये बंद झाली. जे मार्ग वाचले त्यांपैकी बहुतेकांचे खालचे ठाणे बोटीच्या धक्क्याला लागून आहे आणि बोटीच्या प्रवाशांवर ते आजही बरेच अवलंबून आहेत. सरोवरावर अजून पाच जुन्या चाकाच्या आगबोटी फिरतात. ब्युर्गेनश्टोकची फ्युनिक्युलर काही वर्षे बंद राहून २०१७ मध्ये नव्या हॉटेलसंकुलाबरोबर पुन्हा सुरू झाली, म्हणजे हॉटेलासाठीच जन्मलेली गाडी हॉटेलामुळेच परतली.

२०१७ च्या डिसेंबरमध्ये श्वित्सजवळच्या श्टोस या मोटारबंदी असलेल्या गावासाठी १९३३ सालच्या जुन्या मार्गाऐवजी नवी फ्युनिक्युलर सुरू झाली. तिचा कमाल चढ ११० टक्के आहे, म्हणजे १०० मीटर पुढे जाताना ती ११० मीटर वर चढते. गाडीचे चार गोल पिंपासारखे कक्ष चढाप्रमाणे फिरतात, त्यामुळे आतली जमीन सपाट राहते आणि प्रवासी सरळ उभे राहू शकतात. जगातील सर्वांत तीव्र चढाची फ्युनिक्युलर म्हणून ती ओळखली जाते. आज तिच्यातून प्रवाशांबरोबर गावाचा किराणा आणि शाळकरी मुलेही ये-जा करतात.