छतावरच्या सोलरची वीज विकून पैसे: अर्ज कुठे अडतो आणि हाती काय येतं

"छतावर सोलर बसवा, वीज विका, घरबसल्या कमवा" असे फलक आता तालुक्याच्या बाजारपेठेतही लागलेत. त्यातलं अर्धं खरं आहे. पण उरलेल्या अर्ध्यामुळे लोक चुकीच्या आकाराचं संच घेतात, चुकीच्या नावावर अर्ज करतात आणि मग अनुदान का आलं नाही म्हणून वीज कंपनीच्या उपविभागीय कार्यालयाच्या पायऱ्या झिजवतात. म्हणून आधी पैशाचं सांगतो, कागदांचं मागाहून.

घरगुती ग्राहकासाठी महाराष्ट्रात जी सोय आहे तिला नेट मीटरिंग म्हणतात. राज्य वीज नियामक आयोगाचे २०१९ चे विनियम तिला लागू आहेत. यात तुम्ही वीज विकून दर महिन्याला चेक घेत नाही. तुमची जादा वीज ग्रिडमध्ये, म्हणजे वीज कंपनीच्या तारांच्या जाळ्यात जाते, तिथून तुम्ही घेतलेल्या विजेतून ती युनिटला युनिट वजा होते आणि उरलेली युनिटं पुढच्या महिन्यात जमा धरली जातात. उदाहरण घ्या. ३ किलोवॅटचं संच चांगल्या उन्हाच्या महिन्यात साधारण ३६० युनिटं देतं. घराचा वापर २५०. त्यातली १०० युनिटं दिवसा पंखा, फ्रिज, मोटारीत थेट खर्च झाली, २६० ग्रिडला गेली. रात्री ग्रिडकडून १५० घेतली. म्हणजे युनिटांचं बिल शून्य आणि ११० युनिटं शिल्लक. स्थिर आकार मात्र भरावाच लागतो, त्यामुळे बिल कधीच कोरं येत नाही.

आता गोम इथे आहे. ही शिल्लक आर्थिक वर्षापुरतीच चालते. ३१ मार्चला हिशेब होतो, उरलेली युनिटं वीज कंपनी आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेते आणि १ एप्रिलला तुमचं खातं पुन्हा शून्यावर. हा खरेदीचा दर तुम्ही बिलात भरता त्या दराच्या मानाने बराच कमी असतो. आपल्याकडे डिसेंबर ते मार्च ऊन छान, एसी बंद, त्यामुळे शिल्लक फुगते ती नेमकी मार्चमध्ये. आणि एप्रिल-मेमध्ये एसी सुरू होतो तेव्हा ती शिल्लक हाताशी नसते. लोकांना वाटतं, मार्चची युनिटं मेमध्ये वापरू. नाही वापरता येत. त्यामुळे "मोठं संच घ्या, जास्त विका" हा सल्ला देणारा विक्रेता स्वतःचा फायदा बघतोय. गेल्या बारा महिन्यांची बिलं काढा, वर्षाचा वापर जमवा आणि तेवढंच संच घ्या. १ किलोवॅट महिन्याला साधारण १२० युनिटं देतं आणि त्याला सुमारे १०० चौरस फूट सावली नसलेली जागा लागते, एवढ्या हिशेबावर काम भागतं. खरी कमाई म्हणजे वाचलेलं बिल. वर्षाअखेरीची विक्री ही वरकड.

नेट मीटरिंगच्या शेजारीच नेट बिलिंग नावाचा दुसरा पर्याय असतो. त्यात तुम्ही बनवलेली वीज कंपनी ठरावीक दराने घेते आणि तुमचा वापर नेहमीच्या दराने बिलात लागतो. "विकणं" म्हणजे हेच, असं समजून घरगुती ग्राहक कधीकधी तिकडे वळतात. घराचा वापर बऱ्यापैकी असेल तर तसं करू नका.

"३०० युनिट मोफत" याचाही अर्थ समजून घ्या. छतावरच्या सोलरला अनुदान देणाऱ्या केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेच्या जाहिरातीत तो आकडा असतो. सरकार तुमच्या बिलात ३०० युनिटं टाकत नाही. तुमच्या छतावरच्या संचाने तेवढी वीज बनवली तर तेवढी फुकट पडली, इतकंच.

अनुदान किती, कोणाला

या योजनेत केंद्राचं अनुदान पहिल्या २ किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार. म्हणजे ३ किलोवॅट आणि त्यापुढे कितीही मोठं संच घेतलं तरी ७८ हजारच. गृहनिर्माण संस्थेच्या सामायिक वापरासाठी, म्हणजे लिफ्ट, पाण्याची मोटार, जिन्यातले दिवे, किलोवॅटला १८ हजार. योजना २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे.

अटी थोड्या आहेत पण कडक आहेत. जोडणी घरगुती वर्गवारीची हवी. खाली दुकान, वर घर आणि मीटर एकच तोही व्यावसायिक, असं असेल तर अनुदान नाही. थकबाकी नको. आधी अशाच योजनेतून सोलरचं अनुदान घेतलेलं नको. छत तुमच्या मालकीचं किंवा वापराचा हक्क असलेलं हवं. आणि संच ग्रिडला जोडलेलं हवं, नुसत्या बॅटरीवरचं चालत नाही.

महिन्याला १०० युनिटांच्या आत वापर असणाऱ्यांसाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये स्मार्ट नावाची योजना आणली. १ किलोवॅटचा खर्च सुमारे ५० हजार धरून, केंद्राच्या ३० हजारांवर दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकाला राज्याचे १७ हजार ५००, अनुसूचित जाती-जमातीच्या ग्राहकाला १५ हजार आणि इतरांना १० हजार. इथे लोक अट चुकीची वाचतात. ती सरासरीची नाही. ऑक्टोबर २०२४ ते सप्टेंबर २०२५ या काळात एकाही महिन्यात वापर १०० युनिटांच्या वर गेलेला नसावा. लग्नकार्यात एका महिन्यात १०८ झाली की संपलं. अर्जाआधी ती बारा बिलं एकदा नजरेखालून घाला.

जिथे सगळे अडकतात: बिलावरचं नाव

बिलावर आजोबांचं किंवा वडिलांचं नाव आणि ते आता हयात नाहीत, अशी घरं मोजायला बसलो तर पुरं गाव होईल. वीज चालू आहे, बिल भरतोय, मग नाव बदलायची गरज कोणाला वाटते? अनुदान मात्र अर्जदाराच्या बँक खात्यात जातं, अर्जदार बिलावरच्या नावाचा असतो, आणि त्या नावाचं खातं चालू असायला हवं. अलीकडेच एक गृहस्थ फाइल घेऊन आले. पॅनेल बसलेली, मीटर बदललेला, सगळं झालेलं. बँकेचा तपशील भरताना कळलं की बिल वारलेल्या वडिलांच्या नावावर आहे. विक्रेता "नंतर बघू" म्हणाला होता. नंतर म्हणजे आता, आणि आता त्यांना उलट्या पावली सगळं करावं लागतंय.

त्यामुळे सोलरचा विचार मनात आला की पहिलं काम नावबदल. वीज कंपनीच्या संकेतस्थळावरून अर्ज करता येतो. मृत्यूचा दाखला, वारसांचं संमतिपत्र आणि घराच्या मालकीचा पुरावा लागतो. शहरात मालमत्ता पत्रक, इंडेक्स-२ किंवा घरपट्टीची पावती. गावठाणातल्या घराला यातलं काही नसेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ काढा. तो उताराही आजोबांच्याच नावे निघाला तर आधी ग्रामपंचायतीत वारसनोंद, मग वीज कंपनी. वेळ जातो, भावाभावांत सह्यांवरून कुरबुर होते, पण याला बगल देता येत नाही.

वारसाचा प्रश्न नसला तरी नावाचं लिखाण तपासा. बिलावर आद्याक्षरं आणि आडनाव, बँकेत पूर्ण नाव, आधारवर आडनावाचं तिसरंच स्पेलिंग. माणूस बघून कोणीही सांगेल की हा तोच आहे. संगणक सांगत नाही. आधार आणि पासबुक ज्या नावाचं, त्याच नावाचं बिल करून घ्या.

अर्ज

पीएम सूर्यघरच्या राष्ट्रीय पोर्टलवर राज्य, वीज कंपनी आणि ग्राहक क्रमांक टाकून नोंदणी होते. महावितरणचा ग्राहक क्रमांक १२ अंकी असतो. मुंबईत टाटा, अदानी, बेस्ट, महावितरण यांपैकी बिल कोणाचं येतं ते बघून कंपनी निवडा. मोबाइल क्रमांक स्वतःचाच द्या. हे ठळक अक्षरांत छापायला हवं, कारण विक्रेते "साहेब, तुम्हाला कशाला त्रास" म्हणत स्वतःचा नंबर टाकतात आणि मग प्रत्येक ओटीपी त्यांच्याकडे जातो. पुढे त्यांच्याशी बिनसलं की तुमचाच अर्ज तुम्हाला उघडता येत नाही.

१० किलोवॅटपर्यंत तांत्रिक तपासणीची वाट बघावी लागत नाही, केंद्राने २०२४ मध्ये नियम बदलून ही मंजुरी आपोआप केली आणि गरजेप्रमाणे मंजूर भार (तुमच्या जोडणीला मंजूर असलेले किलोवॅट) वाढवून द्यायची जबाबदारीही कंपनीवर टाकली. तरी काउंटरवर कोणी "आधी भारवाढीचा वेगळा अर्ज करा, मग या" म्हणालं तर हा नियम नम्रपणे दाखवा. लेखी उत्तर मागितलं की बऱ्याचदा सूर बदलतो. एक लक्षात ठेवा, एक-फेजवरून तीन-फेजवर गेलात तर स्थिर आकार वाढतो. २-३ किलोवॅटसाठी तीन-फेजची गरज नसते.

विक्रेता पोर्टलवरच्या यादीतलाच हवा. करार त्याच्याशी लेखी करा, पोर्टलवर नमुना आहे. पाच वर्षं देखभाल त्याची जबाबदारी, हे त्यात लिहिलेलं असतं आणि तोंडी बोलण्यात मात्र हमखास गळतं. कोटेशनमध्ये जीएसटी बघा. सप्टेंबर २०२५ पासून सोलर साहित्यावर तो १२ वरून ५ टक्के झालाय आणि जुनी छापील कोटेशनं अजून फिरतात.

पैसे नसतील तर सरकारी बँका ३ किलोवॅटपर्यंतच्या संचाला २ लाखांपर्यंत विनातारण कर्ज देतात. अनुदान मागाहून येतं, त्यामुळे सुरुवातीला पूर्ण रक्कम उभी करावीच लागते. "अनुदान वजा करून उरलेलेच द्या, फक्त सही केलेला चेक ठेवा" म्हणणाऱ्याला दारातूनच नमस्कार करा.

पॅनेल कुठलं

अनुदानासाठी पॅनेल डीसीआर हवीत, म्हणजे सौर सेल आणि पॅनेल दोन्ही भारतात बनलेलं. ती इतर पॅनेलपेक्षा महाग पडतात, म्हणून फसवणूक इथेच होते. छतावर चढवण्याआधी प्रत्येक पॅनेलच्या मागच्या लेबलचा फोटो काढा, अनुक्रमांक कागदावर उतरवा आणि डीसीआर प्रमाणपत्रातल्या क्रमांकांशी ताडून बघा. एकदा पॅनेल बसली की मागचं लेबल दिसायला पत्र्यावर आडवं पडावं लागतं. पोर्टलवर भरलेला एखादा क्रमांक आणि छतावरचा क्रमांक जुळला नाही तर अर्ज परत येतो.

आणखी एक, जे विक्रेता आपणहून सांगत नाही. ग्रिडची वीज गेली की हे संचही बंद पडतं, भर दुपारी सुद्धा. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून तशी रचना असते. लोडशेडिंगवर उपाय म्हणून सोलर घेत असाल तर बॅटरीचा खर्च वेगळा धरा.

बसवल्यानंतर

काम झालं की विक्रेता कामपूर्ती अहवाल आणि संचाचा तपशील पोर्टलवर चढवतो, पॅनेलसोबत तुमचा फोटो लागतो, नेट मीटरिंगचा करार होतो, कंपनीचा माणूस येऊन तपासतो आणि दुहेरी नोंद घेणारा नेट मीटर बसतो. मीटर बसला त्या दिवशीची आयात (ग्रिडकडून घेतलेली) आणि निर्यात (ग्रिडला दिलेली), दोन्ही रीडिंगं फोटोसह जपून ठेवा.

मग पोर्टलवर कार्यान्वयनाचा, म्हणजे संच सुरू झाल्याचा दाखला येतो. इथे अनेकजण थांबतात, आता आपोआप पैसे येतील म्हणून. येत नाहीत. तुम्हाला आत जाऊन बँक तपशील भरायचा असतो, रद्द केलेला चेक चढवायचा असतो. अनुदानाचे ३० दिवस मोजायचे ते हा तपशील भरल्यापासून, पॅनेल बसल्यापासून नव्हे.

पहिलं बिल जुन्याच पद्धतीचं आलं तर घाबरू नका, पण गप्पही बसू नका. मीटर बदलल्याची नोंद बिलिंगमध्ये चढायला उशीर होतो आणि तोवर निर्यात झालेली युनिटं बिलात दिसत नाहीत. संचाच्या मोबाइल ॲपमध्ये ३६० युनिटं दिसतात आणि बिलात निर्यात २६० ची, म्हणून भांडायला मात्र जाऊ नका. मधली १०० तुमच्याच घरात खर्च झालीत, ती नेट मीटरपर्यंत पोहोचलीच नाहीत. आयात-निर्यातीची रीडिंगं फोटोशी जुळत नसतील तेव्हा भांडा. आधी उपविभागात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. १९१२ वर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. तरी हलेना तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल. पोर्टल किंवा अनुदानाच्या अडचणीला १५५५५ हा योजनेचा मदत क्रमांक आहे. मार्चच्या हिशेबानंतर शिल्लक युनिटांचे पैसे बिलात जमा झालेत का तेही एप्रिल-मेच्या बिलांत शोधा. नसतील तर त्याच पोच घेतलेल्या अर्जाच्या रस्त्याने जा.