मोहल्ला कमिटी

मोहल्ला कमिटी : धार्मिक तणावाचा इतिहास असलेल्या वस्तीत वेगवेगळ्या धर्मांचे सामान्य रहिवासी आणि स्थानिक पोलीस यांनी मिळून चालवलेली, नियमित बैठका घेणारी गल्लीपातळीवरची समिती. कागदोपत्री ती ‘मोहल्ला समिती’ असते, बोलण्यात मात्र ‘कमिटी’च. महाराष्ट्रात तिची पद्धतशीर बांधणी १९८८ नंतर भिवंडीत झाली आणि १९९४ पासून मुंबईत तिला नागरी चळवळीचे रूप आले.

पोलीस ठाण्यांमध्ये सणांच्या तोंडावर भरणाऱ्या ‘शांतता समिती’शी तिची वारंवार गल्लत होते. शांतता समिती जुनी आहे आणि जवळपास प्रत्येक ठाण्यात आहे. तिच्यात बहुधा माजी नगरसेवक, मंडळांचे अध्यक्ष, मशिदींचे विश्वस्त आणि व्यापारी संघटनांचे पदाधिकारी असतात. वरिष्ठ निरीक्षक सहकार्याचे आवाहन करतात, चहा होतो, दुसऱ्या दिवशी स्थानिक वर्तमानपत्रात फोटो येतो. अशा बैठकीचा उपयोग नाही असे नव्हे, पण तिथे बसलेल्यांपैकी बहुतेकजण आपापल्या समाजाचे पुढारी म्हणून आलेले असतात आणि समाजात फूट पडली की त्यांचे पुढारीपण उलट वाढते. मोहल्ला कमिटीची सगळी आखणी ही अडचण ओळखूनच झाली.

भिवंडी हे ठाणे जिल्ह्यातले यंत्रमागांचे शहर. इथल्या मागांवर उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन-अन्सारी विणकर, तेलुगू पद्मशाली, मराठी कामगार असे सगळे राबतात. सूत एकाचे, माग दुसऱ्याचा, कापडाचा व्यापारी तिसरा, अशी धंद्याची रचना असल्याने हिंदू-मुसलमानांचा रोजचा व्यवहार एकमेकांवाचून होत नाही. तरीही ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या दिवशी शहर पेटले आणि दंगलीचे लोण जळगाव, महाडपर्यंत गेले. न्यायमूर्ती डी. पी. मादन यांच्या आयोगाने या तिन्ही ठिकाणच्या घटनांची चौकशी केली. त्या अहवालात पोलिसांच्या पक्षपातावर जे ताशेरे आहेत, ते आजही पोलीस प्रशिक्षणात वाचायला द्यावेत इतके नेमके आहेत. पुढे मे १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा पेटली. या वेळी आग ठाणे आणि मुंबईपर्यंत पसरली आणि सगळे मिळून दोनशेहून अधिक माणसे गेली. धंद्यातली गरज माणसांना कारखान्यात एकत्र आणत होती, पण संध्याकाळी जो तो आपल्या मोहल्ल्यात परतत होता, आणि तिथे शेजारच्या मोहल्ल्याची खबर फक्त अफवेच्या रूपातच पोहोचत होती.

१९८८ मध्ये सुरेश खोपडे भिवंडीला पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी शहरात सुमारे ७० मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. प्रत्येक कमिटीत हिंदू आणि मुसलमान सदस्यांची संख्या सारखी राहील हे पाहिले. पक्षांचे पुढारी आणि गुन्हेगारी पार्श्वभूमीचे लोक जाणूनबुजून लांब ठेवले. रिक्षाचालक, मागकामगार, छोटे दुकानदार, शिक्षक अशा माणसांना पुढे केले आणि त्या भागात नेमलेल्या पोलीस कर्मचाऱ्याकडे कमिटीची जबाबदारी दिली. साध्या हवालदाराच्या हाती इतके महत्त्वाचे काम देणे हा या योजनेतला सर्वांत धाडसी भाग होता. एरवी बंदोबस्तात उन्हात उभे राहण्यापलीकडे ज्याला कोणी विचारत नाही, त्या माणसाला गल्लीतल्या प्रत्येक घराची ओळख झाली. लोकही अडचण आली की ठाण्यात जाण्याऐवजी त्याच्याकडे जाऊ लागले.

बैठकीत भाषणे होत नसत. विषय निघत ते नळाचे, गटाराचे, भाडेकरूचे, नवरा-बायकोच्या भांडणाचे, उधारीचे. हेच या कामाचे मर्म आहे आणि नंतर ज्यांनी ही कल्पना उचलली त्यांच्यापैकी अनेकांच्या हातून नेमके तेच सुटले. दंगल पेटल्यावर एकमेकांना अनोळखी असलेली माणसे एका खोलीत बसवून शांतता निर्माण करता येत नाही. गटाराच्या तक्रारीसाठी महिनोन्‌महिने शेजारी बसलेल्या दोन माणसांना मात्र तणावाच्या रात्री एकमेकांच्या दारावर थाप मारता येते.

याचा पडताळा अफवेच्या वेळी येतो. ‘अमक्या देवळात मांस टाकले’, ‘तमक्या मशिदीवर दगड मारले’, ‘दूधवाल्याला भोसकले’ अशी बातमी पाच मिनिटांत वस्तीभर होते. अशा वेळी दोन्ही समाजांचा एकेक सदस्य आणि हवालदार मिळून त्या जागी जातात, स्वतःच्या डोळ्यांनी पाहतात आणि परत येऊन आपापल्या लोकांना सांगतात. मुसलमान सदस्य मुसलमानांना सांगतो की देऊळ आपल्या माणसाने बाटवलेले नाही, हे त्याच्यासोबतच्या हिंदूनेही पाहिले आहे. पोलिसांनी ध्वनिक्षेपकावरून दिलेल्या सूचनेपेक्षा या शब्दाला वजन जास्त असते. मुद्दा फक्त वेळेचा असतो. जमाव जमण्याच्या आत ही तिघांची फेरी पूर्ण व्हावी लागते.

६ डिसेंबर १९९२ रोजी बाबरी मशीद पाडली गेली तेव्हा खोपडे यांची बदली झालेली होती आणि गुलाबराव पोळ उपायुक्त होते. त्यांनी कमिट्या चालू ठेवल्या होत्या. त्या डिसेंबरात आणि पुढच्या जानेवारीत मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. एक अधिकारी गेला तरी व्यवस्था टिकली, ही गोष्ट शांततेइतकीच महत्त्वाची आहे. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी आपल्या अभ्यासात भिवंडीचा दाखला दिला आहे. जिथे दोन समाजांत रोजचे नागरी संबंध असतात तिथे दंगलीला मूळ धरणे अवघड जाते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. एक पोलीस अधिकारी असे संबंध मुद्दाम घडवू शकतो, हे भिवंडीने दाखवले.

मुंबईत त्या दोन महिन्यांत ९०० माणसे मारली गेली. हा आकडा न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालातला. त्यानंतर १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत २५७ जण गेले. त्या काळातल्या सार्वजनिक जमावांकडे पाहिले तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. रस्त्यावरची नमाज आणि तिला उत्तर म्हणून चौकाचौकांत झालेल्या महाआरत्या, दोन्ही गोष्टी लोकांनी एकत्र येण्याच्याच होत्या. महाआरतीहून परतणाऱ्या जमावांनी हल्ले केल्याच्या नोंदी श्रीकृष्ण अहवालात आहेत. लोकांना गोळा करणे म्हणजे आपोआप सलोखा नव्हे. कोण बोलावतो, कोणाच्या दारासमोर आणि कशासाठी, यावर सगळे ठरते.

नोव्हेंबर १९९३ मध्ये सतीश साहनी मुंबईचे पोलीस आयुक्त झाले. माजी आयुक्त ज्युलिओ रिबेरो आणि दंगलग्रस्त वस्त्यांत काम करणाऱ्या सुशोभा बर्वे यांच्यासह त्यांनी १९९४ मध्ये मुंबईच्या मोहल्ला कमिट्यांना सुरुवात केली. १९८४ च्या दंगलीच्या वेळी रिबेरोच मुंबईचे आयुक्त होते, त्यामुळे भिवंडीची आग इथवर कशी येते हे त्यांनी जवळून पाहिले होते. भिवंडीतला उपक्रम पोलिसांनी उभा केलेला होता. मुंबईत निवृत्त अधिकारी, वकील, उद्योजक, सामाजिक कार्यकर्ते आणि वस्तीतल्या बायका असा नागरिकांचा हात जास्त होता, आणि पुढे त्यासाठी विश्वस्त संस्थाही स्थापन झाली. दंगलीत मुसलमान वस्त्यांचा पोलिसांवरचा विश्वास पार उडाला होता. सुरुवातीच्या बैठकांत लोकांनी समोर बसलेल्या अधिकाऱ्यांना गोळीबाराबद्दल, नोंदवून न घेतलेल्या तक्रारींबद्दल जाब विचारला. तो राग ऐकून घेणे हेच पहिले काम होते.

कार्यक्रमांपैकी सर्वांत टिकला तो क्रिकेटचा. शांततेसाठी भरवल्या जाणाऱ्या या सामन्यांत वस्त्यांचे आणि पोलिसांचे संघ उतरतात. संघ मिश्र असावा लागतो, त्यामुळे एरवी एकमेकांच्या गल्लीत पाय न ठेवणारी पोरे सरावासाठी तरी एका मैदानावर येतात. ज्या वयाची मुले दगड हातात घेतात, नेमक्या त्याच वयाच्या मुलांपर्यंत हा कार्यक्रम पोहोचतो. ईद मिलन, दिवाळी फराळ, आरोग्य शिबिरे हेही होतच असते, पण तिथे बहुधा तीच ती समजूतदार मंडळी भेटतात.

धारावीत वकार खान आणि भाऊ कोरडे या दोघांनी केलेले काम वेगळे सांगायला हवे. खान यांचा तयार कपड्यांचा छोटा व्यवसाय होता, कोरडे मराठी हिंदू, दोघेही धारावीकर. खान यांनी चार लहान मुलांना हिंदू, मुसलमान, शीख आणि ख्रिस्ती वेषात उभे करून एक फोटो काढून घेतला आणि ‘हम सब एक हैं’ असे लिहून त्याची पोस्टर छापली. ती धारावीत लागली, पोलीस ठाण्यांत लागली आणि तिथून पुढे शहरभर गेली. मोठ्या जाहिरात संस्थेने केलेल्या पोस्टरपेक्षा हे जास्त चालले, कारण त्यातली मुले कुठल्याही चाळीत दिसावीत अशी होती. या दोघांच्या मैत्रीवर आणि कामावर पुढे माहितीपटही झाला.

चालत्या कमिटीचे वार्षिक काम पाहायचे तर गणेशोत्सवाआधीची बैठक पाहावी. मिरवणूक कोणत्या गल्लीतून वळणार, मशिदीसमोरून किती वाजता जाणार, त्या वेळी अजान असेल तर ढोल किती मिनिटे थांबणार, गुलाल कुठवर उधळायचा, लोंबकळणाऱ्या वायरी कोण उचलून धरणार, दारू पिऊन आलेल्या आपल्याच पोराला बाजूला कोण नेणार, हे सगळे नावानिशी ठरते. मंडळाचे स्वयंसेवक आणि मोहल्ल्यातली पोरे मशिदीसमोर साखळी करून उभी राहतात. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली. मुंबईसह अनेक शहरांत मुसलमानांनी आपली मिरवणूक दुसऱ्या दिवशी काढली आणि राज्य सरकारने ईदची सुट्टी २९ तारखेला हलवली. बातमी म्हणून ती दोन ओळींची होती. पण असा निर्णय कोणी वरून लादून होत नाही. त्यामागे कित्येक ठाण्यांतल्या आणि मोहल्ल्यांतल्या बैठका असतात.

या कामाच्या मर्यादा भिवंडीतच दिसल्या. जुलै २००६ मध्ये कब्रस्तानाला लागून पोलीस ठाण्याची इमारत बांधण्यावरून तिथे वाद पेटला. पोलीस गोळीबारात दोघांचा मृत्यू झाला आणि जमावाने दोन पोलिसांचा जीव घेतला. हा हिंदू-मुसलमान दंगा नव्हता, संघर्ष पोलीस आणि मोहल्ला यांच्यातच होता. म्हणजे ज्या दुव्यावर सारी रचना उभी होती तोच तुटला. कमिट्या पोलिसांवर अवलंबून असल्या की अधिकाऱ्याच्या मर्जीवर जगतात. काही अभ्यासकांनी, विशेषतः थॉमस ब्लॉम हॅन्सन यांनी, मुंबईतल्या कमिट्यांवर टीका केली आहे. सदस्यत्वामुळे ठाण्यात वट मिळते आणि म्हणून वजनदार मंडळीच जागा अडवून बसतात, असा त्यांचा रोख आहे. सदस्य म्हणजे पोलिसांचा खबऱ्या, हा संशयही वस्त्यांत असतो आणि तो नेहमीच निराधार नसतो.

त्याहून मोठा प्रश्न न्यायाचा आहे. श्रीकृष्ण आयोग जानेवारी १९९३ मध्ये नेमला गेला, १९९६ मध्ये राज्य सरकारने तो गुंडाळला, काही महिन्यांत पुन्हा सुरू केला आणि १९९८ मध्ये त्याचा अहवाल आला. अहवालाने ठपका ठेवलेल्या राजकीय पुढाऱ्यांपैकी आणि पोलिसांपैकी फार थोड्यांवर कारवाई झाली. ज्या बाईचा मुलगा त्या जानेवारीत गेला, तिला शेजाऱ्यांसोबत चहा प्यायला बोलवायचे आणि खटल्याचे काय झाले हे विचारूही द्यायचे नाही, असा सलोखा तिच्यावर अन्याय करणारा आहे. कमिट्यांतल्या प्रामाणिक कार्यकर्त्यांना हे ठाऊक होते. नुकसानभरपाईचे अर्ज भरून देणे, हरवलेल्यांची कागदपत्रे मिळवणे, ठाण्यात तक्रार नोंदवून घ्यायला लावणे ही कामे जिथे झाली, तिथेच कमिटीला खरा मान मिळाला.

ग्रामीण भागात या प्रयोगाशी नाते सांगणारी योजना म्हणजे १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झालेली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम. तिचा भर बांध, वाटणी, भावकीचे वाद गावातच मिटवण्यावर होता आणि तंटामुक्त ठरलेल्या गावाला रोख बक्षीस होते. जातीय अत्याचाराची तक्रार बक्षिसापायी दाबली जाण्याचा धोका तिथेही होता. दुसरीकडे, कसल्याही योजनेविना टिकलेल्या जुन्या रीतीही आहेत. सांगली जिल्ह्यातल्या गोटखिंडीत आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडमध्ये मशिदीत गणपती बसवला जातो.

अलीकडे अफवेची वाट बदलली आहे. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात मोबाइलवरच्या स्टेटसवरून दगडफेक झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमांवरच्या मजकुरावरून हल्ला झाला आणि एका तरुणाचा जीव गेला. दोन्ही ठिकाणी जाऊन डोळ्यांनी पाहण्यासारखे देऊळ किंवा मशीद नव्हती, होता तो पडद्यावरचा फोटो. तो कोणी टाकला, खाते खरे की बनावट, हे सांगायला हवालदार आणि दोन सदस्यांची गल्लीतली फेरी पुरत नाही. त्यासाठी त्या त्या वस्तीतल्या तरुण पोरांच्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर कमिटीचे विश्वासाचे माणूस आधीपासून असावे लागते, आणि कमिट्यांमध्ये आज सर्वांत कमी आहेत ते तरुणच.