दोन पाहण्यांतला फरक: विश्वास अंतराल आले कुठून?

इटलीत १९२१च्या जनगणनेचे कागद ठेवायला जागा उरली नव्हती. थोडे ठेवून बाकीचे काढून टाकायचे ठरले. जीनी आणि गालव्हानी या संख्याशास्त्रज्ञांनी २१४ पैकी २९ जिल्हे निवडले. सात बाबतींत त्यांची सरासरी देशाशी जुळेल, अशी काळजीही घेतली. पण इतर बाबी तपासल्या तेव्हा नमुना देशापासून बराच दूर गेला.

१९३४मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीत संख्याशास्त्रज्ञ येर्झी नेमन यांनी हेच उदाहरण घेतले. नमुना हेतूने न निवडता यदृच्छेने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखा निवडा, म्हणजे चूक किती असू शकते ते मोजता येते, हे त्यांनी दाखवले. विश्वास अंतराल, म्हणजे खरा आकडा ज्या दोन आकड्यांच्या दरम्यान असावा तो पट्टा, इथूनच रूढ झाले. ९५ टक्के विश्वास याचा अर्थ एवढाच: अशीच पाहणी पुन्हा पुन्हा केली, तर शंभरातल्या साधारण ९५ वेळा काढलेल्या अंतरालात खरा आकडा सापडेल.

पुढच्याच वर्षी या मांडणीत भर घातली सातारा जिल्ह्यातल्या बुध गावच्या पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी. फर्ग्युसनमधून ते लंडनला गेले होते. पुढे भारतात पीककापणी प्रयोगांची (निवडक शेतांतले पीक कापून उत्पादनाचा अंदाज काढण्याची) शिस्त घालण्यात त्यांचा मोठा वाटा राहिला. हे नाव आपल्याकडे फार कमी घेतले जाते, याची मला खंत वाटते.

आता तुलनेचे बघू. प्रत्येकी १,००० जणांच्या दोन पाहण्या, उत्तरे ४० आणि ४५ टक्के. प्रत्येकाचे अंतराल साधारण अधिक-उणे ३. दोन्ही एकमेकांवर चढतात, म्हणून ‘फरक नाही’ असे पुष्कळ जण म्हणतात. ते चूक आहे. अंतराल फरकाचेच काढायचे. प्रमाणत्रुटी म्हणजे नमुन्यामुळे आकडा साधारण किती हलतो त्याचे माप. दोन प्रमाणत्रुटींचे वर्ग मिळवून वर्गमूळ घेतले आणि ९५ टक्क्यांसाठी त्याला १.९६ने गुणले, की फरक ५, अधिक-उणे ४.३ येतो. म्हणजे ०.७ ते ९.३. शून्य त्यात नाही, म्हणून फरक आहे असे म्हणता येते.

हे झाले साध्या यादृच्छिक नमुन्याचे. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडून होणाऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आधी गावे वा वस्त्या निवडतात, मग त्यांतली घरे. शेजारची घरे एकसारखी असतात, त्यामुळे तेवढ्याच घरांतून माहिती कमी मिळते. संख्याशास्त्रज्ञ लेस्ली किश यांनी १९६५मध्ये याला ‘डिझाइन इफेक्ट’ म्हटले: साध्या नमुन्याच्या तुलनेत प्रमाणत्रुटीचा वर्ग किती पट होतो, तो आकडा. तो २ धरला, तर वरच्याच उदाहरणात ४.३ला २च्या वर्गमुळाने गुणून ६.१ होतात. अंतराल उणे १.१ ते ११.१ इतके पसरते, आणि शून्य आत येते.