नळ्यांची चॅसी: धक्का कुठून कुठे जातो?

ऑफ-रोड शर्यतीची गाडी उडी मारून खाली आदळते, तेव्हा धक्क्याचा मोठा वाटा शॉकअॅब्सॉर्बरच्या वरच्या टोकातून चॅसीत शिरतो. तिथून तो कुठे जाणार, हे पहिली नळी कापण्याआधीच ठरवावे लागते. नळी लांबीच्या दिशेने ताणली वा दाबली गेली तर खूप सोसते, पण मधोमध आडवा भार पडला की वाकते. म्हणून चौकटीत कर्ण टाकून त्रिकोण करायचे आणि सस्पेन्शनचा प्रत्येक ब्रॅकेट नळ्या एकत्र येतात त्या सांध्यावर आणायचा. नळीच्या मध्यावर वेल्ड केलेला ब्रॅकेट पुढेमागे त्रास देतोच.

यासाठी आधी चाके, अॅक्सल, इंजिन आणि सीट जागेवर मांडून घ्या. सस्पेन्शन पूर्ण दाबलेले आणि पूर्ण लोंबते असताना अॅक्सल कुठे पोचतो ते मोजा, हेल्मेट घातलेल्या चालकाला बसवून डोक्याभोवतीची जागा बघा. नळ्या त्यानंतर.

नळीची ताठरता व्यासावर फार अवलंबून असते. एफआयए या मोटारशर्यतींच्या जागतिक संघटनेच्या नियमांत मुख्य रोलबारसाठी (गाडी उलटली तर चालकाला वाचवणाऱ्या कमानीसाठी) ४५ मिमी व्यास व २.५ मिमी जाडी किंवा ५० मिमी व्यास व २ मिमी जाडी चालते. गणित केले तर दुसरी नळी सुमारे १५ टक्के ताठ आणि तरी सुमारे १० टक्के हलकी निघते. मात्र पातळ भिंतीला दगडाने लवकर पोचा पडतो आणि पोचा पडलेली नळी दाबाखाली तिथेच मोडते. खालच्या, दगड लागणाऱ्या नळ्या म्हणून जाडच हव्यात. क्रोमॉली, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेले पोलाद, त्याबद्दलचा एक गैरसमजही दूर करायला हवा: ती साध्या पोलादापेक्षा ताठ नसते. तिची ताकद जास्त, पण लवचिकतेचा गुणांक जवळपास तोच, त्यामुळे त्याच मापाची नळी तेवढीच लवते.

वाकवताना मध्यरेषेची त्रिज्या व्यासाच्या किमान तिप्पट ठेवा. ४५ मिमी नळी १३५ मिमी त्रिज्येवर वाकवली की बाहेरची बाजू सुमारे एक षष्ठांश ताणली जाते आणि २.५ मिमीची भिंत तिथे २.१ मिमीच्या आसपास उरते. ९० अंशांच्या वळणात २१२ मिमी नळी जाते, ती कापताना धरावी लागते. शिवाय सोडल्यावर नळी काही अंश परत उलगडते. किती, ते त्याच नळीच्या तुकड्यावर आधी बघून घ्या.

नळीच्या टोकाला कापलेली गोलसर खाच दुसऱ्या नळीवर अशी बसली पाहिजे की फट १ मिमीहून कमी राहील. मोठी फट वेल्डने भरली तर उष्णता जास्त लागते, आणि थंड होताना आकसणारा तो धातू सगळी चौकट ओढतो. सांध्यालगतचा गंज, तेल आणि काळी पापडी चकचकीत धातू दिसेपर्यंत काढा. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर मात्र कधीही वापरू नका, वेल्डिंगच्या आर्कमुळे त्यातून फॉस्जिन हा जीवघेणा वायू तयार होतो.

आधी सगळी चॅसी फक्त टॅकवर, म्हणजे ठिपक्याएवढ्या तात्पुरत्या वेल्डवर, उभी करा आणि दोन्ही कर्ण मोजून समान असल्याची खात्री करा. मग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे छोटे वेल्ड घेत जा. एक बाजू सलग पूर्ण केली तर चौकट पिळते आणि नंतर अॅक्सल सरळ बसत नाही. क्रोमॉलीचा सांधा स्वतःहून थंड होऊ द्या. पाणी किंवा हवेचा झोत मारला तर वेल्डलगतचा पट्टा कडक आणि ठिसूळ होतो. वेल्ड घासून गुळगुळीत करण्याचा मोहही टाळा, त्यात सांध्याची जाडीच जाते.

तडे बहुधा वेल्डच्या कडेला किंवा गसेट (सांध्याला बळकटी देणारा पत्र्याचा तुकडा) संपतो तिथे पडतात, कारण तिथे ताठरता एकदम बदलते. म्हणून गसेटची टोके निमुळती ठेवतात आणि नळीला आडवा वेल्ड घालत नाहीत. शर्यतीनंतर चिखल धुऊन या जागांवर डाय पेनिट्रंट (तड्यात झिरपणारा लाल रंग) लावला की केसाएवढा तडाही लाल रेषेत दिसतो. त्याच्यावर नुसता वेल्ड चढवला तर तडा आत तसाच राहतो. तो शेवटपर्यंत घासून काढून नव्याने वेल्ड करावा लागतो, आणि ती नळी वाकत का होती याचा शोध घेऊन हुकलेला कर्ण टाकावा लागतो.