नकुशी (व्यक्तिनाम)

नकुशी हे मराठी मुलींचे एक व्यक्तिनाम. नकुसा, नकोशी, नकुसाबाई ही त्याची इतर रूपे. मुलाची वाट पाहणाऱ्या घरात मुलीमागून मुलगी होत गेली की तिसरीला, चौथीला किंवा तिच्याही पाठच्या मुलीला हे नाव ठेवीत. असे नाव ठेवले म्हणजे देवाला काय ते कळते आणि पुढच्या खेपेला मुलगा होतो, अशी समजूत त्यामागे आहे. पश्चिम महाराष्ट्रात, विशेषतः सातारा भागात, ते अधिक आढळते. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींची नावे समारंभपूर्वक बदलण्यात आली, तेव्हा या नावाची चर्चा देशाबाहेरही झाली.

माणसाला स्वतःचे नाव बहुधा आवडते, निदान अंगवळणी पडते. बेल्जियममधील मानसशास्त्रज्ञ जोझेफ न्यूटिन यांनी १९८५ साली दाखवून दिले, की माणसे नकळत आपल्या नावातल्या अक्षरांना इतर अक्षरांपेक्षा झुकते माप देतात. नावाचा कंटाळा आलाच तर त्याची कारणे साधी असतात : नाव जुनाट वाटते, वर्गात त्याच नावाच्या चौघी असतात, लोक ते चुकीचे लिहितात. नकुशीचे दुखणे या जातीचे नाही. आपण जन्मलो तेव्हा घरात काय बोलले गेले, ते या नावाच्या मुलीला कुणी सांगावे लागत नाही. दिवसातून दहा वेळा तिला तेच ऐकू येते.

दगडू, धोंडू आणि नकुशी

नकुशीची गणना पुष्कळदा दगडू, धोंडू, केरू, कचरू, उकिर्डा, भिकू या नावांबरोबर केली जाते. ही सगळी नावे हलक्या अर्थाची, म्हणून एका माळेत ओवली जातात. प्रत्यक्षात ती एका जातीची नाहीत.

ज्या घरात मुले जगत नसत, तिथे जगावे अशी आस असलेल्या मुलाला दगडू किंवा धोंडू म्हणत. दृष्ट लागण्यासारखे, उचलून नेण्यासारखे इथे काही नाही, हा तर दगड आहे, असे मृत्यूला भासवायचे. कुठे मूल जन्मताच सुपात घालून उकिरड्यावर ठेवीत आणि दुसऱ्या कुणाकडून उचलून आणवीत. कुठे ते मूठभर धान्याला शेजारणीला विकून पुन्हा भीक म्हणून मागून घेत. उकिर्डा, केरू, भिकू ही नावे अशा विधींतून आली. मुलाचे नाक टोचून त्यात नथ घालण्याची चाल होती आणि त्यावरून नथू हे नाव पडे. या चालीत एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. मुलाला मुलगी भासवले की मृत्यू त्याच्या वाटेला जात नाही, असे त्यात गृहीत धरलेले आहे. म्हणजे मुलीला न्यायला कुणी टपलेले नाही, हे मृत्यूच्याही गळी उतरवलेले होते.

दगडू हे नाव त्या मुलासाठी बोललेले खोटे असते, आणि घरातल्या सगळ्यांना ते खोटे ठाऊक असते. म्हणूनच पुढे त्या नावाची लाज वाटत नाही. पुण्यातल्या दगडूशेठ हलवाई गणपतीचे नाव घेताना कुणाला दगड आठवत नाही. धोंडो केशव कर्वे १९५८ साली भारतरत्न झाले. त्यांच्या नावातला धोंडा कुणाच्या मनातही आला नसेल. नकोसा हा शब्द रोजच्या बोलण्यातला आहे तसा दगडही आहे, तेव्हा फरक अर्थाचा नव्हे. नकुशी या नावात फसवणूक नाही. घराला जे वाटले तेच त्यात सरळ सांगितलेले असते. शिवाय ते सांगणे त्या मुलीसाठी नसतेच. नाव तिचे, निरोप देवाला आणि निरोपाचा विषय तिच्या पाठचे भावंड, अशी ती व्यवस्था आहे. मुलगी फक्त निरोप वाहून नेते. पुढे मुलगा झाला तरी नाव परत घेतले जात नाही.

उलट मुलगा झालाच, तर या मुलीचा घरातला भाव काही वेळा वाढतो. पाठीवर भाऊ आणणारी मुलगी चांगल्या पायगुणाची मानली जाते. अशा घरात नकुशीचे लाडही होतात आणि तिला हाकही नकुशे अशीच मारली जाते. त्यामुळे हे नाव असलेली प्रत्येक मुलगी घरात छळली गेली असे धरून चालणे चुकीचे आहे. मुलींविषयीच्या भाषणांत मात्र सरसकट तसेच धरले जाते.

नाव ठेवणारे कोण

महाराष्ट्रात बारसे साधारण बाराव्या दिवशी होते. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या म्हणत बाळ पाळण्याखालून-वरून फिरवतात आणि आत्या कानात कुर्र करून नाव सांगते. पत्रिका पाहणाऱ्या घरांत जन्मनक्षत्राच्या चरणावरून अक्षर निघते. २७ नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण, म्हणून १०८ अक्षरे. कुलदैवतावरून, नवसावरून, वारलेल्या आजीआजोबांवरून नाव ठेवण्याची पद्धतही जुनी आहे. खंडू, भैरू, बिरू, जोती ही नावे तशी आली.

नकुशीच्या वेळी ही सगळी हौस आखडती घेतलेली असते. निर्णय पुष्कळदा आईचा नसून आजा, आजी किंवा सासरच्या वडीलधाऱ्यांचा असतो. लागोपाठ मुली झालेल्या सुनेला त्या वेळी तोंड उघडण्याची सोय नसते. काही घरांत पाळण्यातले नाव वेगळे असते आणि नकुशी हे केवळ हाकेचे नाव असते. पण अंगणवाडीत किंवा शाळेत नाव घालायला जो कोणी जातो, तो हाकेचेच नाव सांगून मोकळा होतो आणि तेच जनरल रजिस्टरात चढते. मग पाळण्यातले नाव बारशाच्या दिवसापुरते उरते.

नावाविषयीची भावना

नाव खुपायला लागते ते बहुधा शाळेत. घरात आणि गल्लीत ते इतक्यांच्या तोंडी असते की त्याचा अर्थ झिजून जातो, आणि गावात त्या नावाच्या आणखी दोघी-तिघी असतात. वर्गात हजेरी घेताना मात्र ते नाव पूजा, प्राजक्ता, स्नेहल यांच्या रांगेत येते आणि पोरांना चिडवायला आयते साधन मिळते. हायस्कूल दुसऱ्या गावी असेल तर नव्या शिक्षकांना आणि नव्या मैत्रिणींना नाव सांगण्याची वेळ येते. सातारच्या समारंभात आजोबांनी नकुसा नाव ठेवलेल्या पंधरा वर्षांच्या एका मुलीने नव्या नावाचा आनंद सांगितला, तो याच कारणाने : आता शाळेतल्या मैत्रिणी आपल्याला या नावाने हाक मारतील. घरच्यांविषयी तिने तक्रार केली नाही.

जुन्या पिढीतल्या नकुसाबाईंचे वागणे निराळे दिसते. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या स्त्रिया हे नाव बिनदिक्कत सांगतात, बचत गटाच्या वहीत त्यापुढे अंगठा किंवा सही करतात. त्यांना नाव आवडते असा याचा अर्थ काढता येत नाही. नाव आवडायचे किंवा नावडायचे असते, हा विचारच त्यांच्यापुढे कधी कुणी ठेवला नव्हता.

या स्त्रियांना नाव सुटण्याची एक वाट परंपरेनेच दिलेली होती, ती लग्नाची. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवरीचे नवे नाव लिहायचे आणि त्या दिवसापासून ती सासरी त्या नावाने ओळखली जायची. या चालीवर स्त्रियांनी केलेली टीका रास्तच आहे : वीस-बावीस वर्षांचे नाव एका दुपारी पुसले जाते आणि तेही दुसऱ्याच्या पसंतीने. रमाबाई रानडे आणि डॉ. आनंदीबाई जोशी या दोघींचेही माहेरचे नाव यमुना होते, आणि इतिहासात दोघीही सासरच्या नावाने राहिल्या. पण नकुशीच्या बाबतीत हीच चाल सुटका ठरे. सासरी ती लक्ष्मी किंवा सुमन होई आणि जुने नाव माहेरच्या माणसांपुरते राही. नाव बदलण्याची प्रथा शिकलेल्या घरांतून मागे पडत गेली, तशी ही आडवाटही बंद होत गेली.

नाव टाकून नवे घेण्याचे आणखी एक उदाहरण महाराष्ट्रासमोर होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतरच्या पिढीत सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, सुजाता, प्रज्ञा ही नावे घरोघर आली. धोंड्या, कचऱ्या अशी तुटक हाक ज्यांच्या वाट्याला गावात वर्षानुवर्षे आली होती, त्यांनी मुलांना अशी नावे दिली, की ती उच्चारताना समोरच्यालाही नीट उच्चारावी लागतात. ही नावे आईबापांनी पोरांसाठी निवडलेली होती. नकुशीला स्वतःचे नाव स्वतःच मिळवावे लागले.

सातारा, २०११

२००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे ९१३ मुली होत्या. २०११ साली त्या ८९४ उरल्या. गर्भलिंग चाचणीवर बंधन घालणारा कायदा करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य (१९८८), त्यापाठोपाठ १९९४ चा केंद्रीय कायदा आला, आणि तरी आकडा घसरला. नकुशी हे नाव सोनोग्राफीच्या आधीच्या काळातले आहे. तेव्हा नको असलेली मुलगी जन्माला येई आणि नाव घेऊन वाढे. यंत्र आल्यावर तिला नाव ठेवण्याची वेळच येऊ दिली जाईना. गावात या नावाच्या मुली कमी दिसू लागल्या म्हणून लगेच समाधान मानू नये, ते यासाठी.

या पार्श्वभूमीवर सातारा जिल्ह्यातल्या आरोग्य यंत्रणेने गावोगावच्या नकुशींची यादी केली आणि २२ ऑक्टोबर २०११ रोजी २८५ मुलींना नवी नावे देण्यात आली. मुली ठेवणीतले कपडे घालून आल्या, त्यांना नव्या नावाचे प्रमाणपत्र आणि फुलांचा गुच्छ मिळाला. कुणी ऐश्वर्यासारखे सिनेतारकेचे नाव घेतले, कुणी सावित्री, कुणी वैशाली. एका मुलीने अस्मिता हे नाव निवडले. आपल्या नावाबद्दल तुला काय वाटते, असे सरकारी माणसाने लहान मुलीला विचारावे हे आपल्याकडे विरळाच, आणि या कार्यक्रमाचे खरे मोल तिथे आहे.

एक खोट मात्र नोंदवायला हवी. ज्या नावाने मुली संकोचत होत्या, ते व्यासपीठावरून, कॅमेऱ्यांसमोर, छायाचित्रांसह जगभर गेले. हेच काम शाळेच्या कार्यालयात दार लोटून, गाजावाजा न करता करता आले असते. पण मग इतर जिल्ह्यांना ते कळलेही नसते.

इतर भाषांत

मुलगी पुरे किंवा नको असे सांगणारी नावे भारतात इतरत्रही आहेत. हरियाणात भतेरी म्हणजे पुष्कळ झाल्या, राजस्थानात धापू म्हणजे पोट भरले. बंगालीतले आन्नाकाली हे नाव कालीमातेला आणखी नको असे विनवणारे. तमिळमध्ये वेण्डाम, म्हणजे थेट नको. चीनमध्ये झाओदी या मुलीच्या नावाचा अर्थ धाकटा भाऊ बोलावून आण असा होतो. तिथेही नाव बहिणीचे आणि मागणी भावाची.

दप्तरातला बदल

नाव बदलण्याचा खरा खटाटोप कागदांचा असतो. जन्मनोंदणीच्या वेळी बाळाचे नाव लिहिले नसेल तर ते वर्षभरात विनाशुल्क आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येते. एकदा लिहिलेले नाव बदलणे मात्र अवघड जाते. मुलगी शाळेत असेपर्यंत शाळेमार्फत शिक्षण खात्याची परवानगी घेऊन रजिस्टरात दुरुस्ती होऊ शकते. शाळा सुटल्यावर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नाव बदलल्याची नोंद छापून घ्यावी लागते, आणि ते राजपत्र घेऊन आधार, रेशनकार्ड, बँक, मतदार यादी अशी एकेक पायरी चढावी लागते. आधारवरील नाव दोनदाच बदलून मिळते. मजुरीचा दिवस बुडवून हे सगळे करणे प्रत्येकीला परवडत नाही, म्हणून कागदांवर ‘उर्फ’ लावून दोन्ही नावे शेजारी ठेवली जातात. प्रमाणपत्रावरचे नाव शाळेत आणि जुने नाव घरात, अशी विभागणी हा त्याचाच दुसरा प्रकार.

जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील दुरुस्तीनुसार १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार नोंदणी अशा अनेक कामांना जन्मदाखला हाच जन्मतारीख व जन्मस्थळाचा पुरावा धरला जातो. त्यामुळे पहिल्या नोंदीत जे नाव पडेल ते पुढच्या प्रत्येक कागदावर जाणार. नोंद करणाऱ्या कर्मचाऱ्याला आईबापांनी सांगितलेले नाव नाकारण्याचा अधिकार नाही, पण पेन उचलण्याआधी दुसरे काही सुचते का, एवढे तो विचारू शकतो.