खड्डा कोण बुजवणार? कोळसा खाणीच्या परवान्याची फेरतपासणी

अमेरिकेत कोळशाच्या उघड्या खाणीला परवाना सहसा ५ वर्षांचाच मिळतो. खाण मात्र कित्येक दशकं चालू राहते. म्हणून कंपनीला दर ५ वर्षांनी, मुदत संपायच्या किमान १२० दिवस आधी, नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो. ३ ऑगस्ट १९७७ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यातली ही व्यवस्था. अनेकांना हा निव्वळ शिक्का मारण्याचा कार्यक्रम वाटतो. मला तर खाणीच्या आयुष्यातली ही सर्वांत मोलाची तपासणी वाटते. कंपनी उद्या काम टाकून निघून गेली, तर हा खड्डा कोण बुजवणार आणि कुणाच्या पैशाने, हे त्या वेळी रोखठोक विचारता येतं.

कायद्याचं म्हणणं ऐकायला सोपं आहे. वरची सुपीक माती आधीच वेगळी काढून जपायची, खोदाई पुढे सरकेल तसं मागे भरत यायचं, जमिनीला जवळपास मूळचा चढउतार द्यायचा, माती पसरून झाडोरा उभा करायचा. खरी गोम आहे ती कोळशावरच्या खडकात.

या खडकात बऱ्याचदा पायराइट असतं, म्हणजे लोह आणि गंधक यांचं सोनेरी खनिज. हवेपासून दूर, जमिनीखाली ते कोट्यवधी वर्षं निपचित पडून असतं. सुरुंगाने खडक फुटला की त्याला प्राणवायू आणि पाणी दोन्ही मिळतं आणि सल्फ्युरिक आम्ल तयार होऊ लागतं. पाणी पुरेसं आम्लधर्मी झालं की लोहावर जगणारे जिवाणू ही क्रिया कैक पटींनी वाढवतात. ओढ्याच्या तळाशी नारिंगी साका बसतो, दगडांखालच्या अळ्या गुदमरतात, त्यांच्यावर जगणारे मासे जातात. हा पाझर खाण बंद झाल्यावरही दशकानुदशकं चालू राहू शकतो, आणि तोवर पाण्यावर प्रक्रिया करत राहणं कुणाला तरी भागच असतं.

म्हणून खोदण्याआधी खडकाचे नमुने काढून थराथराने तपासतात. १,००० टन खडकात पायराइटच्या रूपातलं गंधक १ टक्का असेल, तर त्यातून होणारं आम्ल मारायला ३१.२५ टन कॅल्शियम कार्बोनेट लागतं. तेवढी चुनखडी खडकातच असली तर निभावतं. नसली तर तो थर वेगळा काढून पाण्यापासून दूर पुरावा लागतो, नाहीतर बाहेरून चुनखडी मिसळावी लागते.

पहिल्या परवान्याच्या वेळी हे सगळे अंदाज असतात. नूतनीकरणाच्या वेळी मात्र प्रत्यक्ष नोंदी हाताशी असतात, कारण दर तीन महिन्यांनी पाण्याची पातळी, सामू (म्हणजे pH; तो जितका कमी तितकं पाणी आम्लधर्मी), लोह, मँगनीज, विरघळलेले क्षार मोजून कळवावे लागतात. यात नुसता सामू पाहून समाधान मानू नये. सामू ठीक असूनही क्षार, विशेषतः सल्फेट, वर्षागणिक चढत असतील, तर आत आम्ल बनतंय आणि चुनखडी ते तूर्तास जिरवतेय, अशी दाट शंका घ्यायला हवी. चुनखडी संपली की सामू घसरतोच.

आता पैसा. खाणकाम सुरू होण्याआधीच कंपनीला हमी द्यावी लागते, आणि ती कंपनीने पाठ फिरवली तरी सरकारला खड्डा भरून जमीन पूर्ववत करून घेता येईल इतकी हवी. खड्डा भरून उतार नीट केल्यावर त्यातले ६० टक्क्यांपर्यंत सुटतात. शेवटचा हिस्सा झाडोऱ्याच्या जबाबदारीचा काळ संपल्यावर: एरवी ५ वर्षं, वर्षाला २६ इंच किंवा त्याहून कमी पाऊस पडणाऱ्या भागात १० वर्षं. पण काही राज्यांनी बड्या कंपन्यांची नुसत्या ताळेबंदावरची, म्हणजे पैसे बाजूला न ठेवता दिलेली, हमी चालवून घेतली. २०१५-१६ मध्ये अल्फा नॅचरल रिसोर्सेस, आर्च कोल आणि पीबॉडी एनर्जी एकामागोमाग दिवाळखोरीच्या कोर्टात गेल्या, तेव्हा त्या हमीचा पोकळपणा उघडा पडला. १९७७ पूर्वी वाऱ्यावर सोडलेल्या खाणी निस्तरायला अमेरिकी संसदेने २०२१ मध्ये सुमारे ११३० कोटी डॉलर मंजूर केले, यावरून न बुजवलेल्या खड्ड्यांची किंमत कळते.

नूतनीकरणात कायद्याचं पारडं कंपनीकडे झुकलेलं आहे. अर्जाची जाहीर सूचना निघते, हरकती घेता येतात, पण परवाना का देऊ नये हे सिद्ध करायची जबाबदारी हरकत घेणाऱ्यावर. निरीक्षण विहिरी कंपनीच्या, नमुने कंपनीनेच काढलेले, आणि पुरावा आणायचा शेजारच्या शेतकऱ्याने, हे मला पटत नाही. पाणी बिघडलेलं नाही हे ज्याच्या हाती मोजमाप आहे त्यानेच दर ५ वर्षांनी दाखवून द्यावं.