‘त्रास नाही म्हणजे बीपी नाही’ हा घातक समज

कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर फिरायला येणाऱ्या ज्येष्ठांमध्ये ‘डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, मग बीपीची गोळी कशाला?’ हा समज वर्षानुवर्षे पक्का आहे आणि तो जिवावर बेतू शकतो. १४०/९० च्या वर राहणारा रक्तदाब बहुतेकदा काहीच जाणवू देत नाही. मात्र मेंदूत खोलवर शिरणाऱ्या, केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती त्यामुळे जाड, कडक आणि कमकुवत होत जातात. रक्तपुरवठा घटल्याने मेंदूतील श्वेतद्रव्याची (मेंदूच्या भागांना जोडणाऱ्या तंतूंच्या थराची) हानी होते, जी एमआरआयवर पांढऱ्या डागांच्या रूपात दिसते आणि ‘वयोमानाने’ म्हणून सोडून दिली जाते. त्याच वाहिन्यांपैकी एखादी फुटली, तर रक्तस्रावी पक्षाघात होतो. डाग जास्त असणाऱ्यांत हा धोकाही जास्त आढळतो. रश्श्याबरोबरचे खारट लोणचे-पापड जरूर कमी करावेत, परंतु डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नये.